पंखा थांबेना

नमस्कार श्रोतेहो.

गेल्या डिसेंबरात सकाळी सातला शेजारचे काका दारात उभे. "जरा बघ रे. गाडीची चावी फिरवली की रेडिएटरचा पंखा सुरू! इंजिन अजून गारठलेलं, आणि हा भणाणतोय. ॲव्हरेजची तर वाटच लागलीय."

थर्मोस्टॅट बदलून झाला होता, रेडिएटर धुऊन झाला होता. गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारा स्कॅनर मात्र कुणी लावलाच नव्हता. मी लावला. कुलंटचं, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाचं, तापमान : उणे ४० अंश! महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठलं तरी आपल्याकडे पेपरात फोटो येतो. उणे चाळीस कुठून आलं?

कुलंटचा सेन्सर म्हणजे अंगठ्याएवढा तुकडा, बहुधा थर्मोस्टॅटच्या घराजवळ बसवलेला. गार असताना त्याचा रोध जास्त, तापला की कमी. बऱ्याच गाड्यांत २० अंशांना दोन-अडीच हजार ओहम, ८० अंशांना तीनशेच्या आसपास. गाडीचा कॉम्प्युटर त्याला ५ व्होल्ट देतो आणि परत काय दिसतं त्यावरून तापमान ठरवतो. तार तुटली की त्याला वाटतं, कडाक्याची थंडी. मग जुन्या गाडीचा चोक ओढून ठेवावा तसं पेट्रोल जास्त सोडतो, आणि इंजिन तापलं तर कळणार नाही म्हणून खबरदारीला पंखाही चालू ठेवतो.

उणे चाळीस दिसलं की लोक सरळ सेन्सर बदलतात. थांबा. सेन्सरवरचं सॉकेट काढा आणि सॉकेटच्याच दोन पिना तारेच्या तुकड्याने जोडा. आकडा झटकन १३०च्या वर गेला तर वायरिंग ठीक, दोष सेन्सरचा. जागचा हललाच नाही तर वायर तपासा.

याहून चकवा देतो तो अर्धवट बिघडलेला सेन्सर. डॅशबोर्डवरचा बिघाडाचा दिवा लागत नाही, नुसतं पेट्रोल जातं. त्याला पकडायचं तर गाडी रात्रभर उभी ठेवा आणि पहाटे, स्टार्ट करण्याआधी, स्कॅनरवर कुलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान शेजारी शेजारी बघा. दोन-चार अंशांचा फरक चालतो. वीस अंशांचा असेल तर सेन्सर बाहेर काढा, पातेल्यातल्या गरम पाण्यात टोक बुडवा आणि मल्टिमीटर लावा. रोध सलग उतरला पाहिजे, उड्या मारत नाही. पण काढायचा तो गार इंजिनातूनच. तापलेल्या इंजिनात कुलंट दाबाखाली असतं, उसळून तोंडावर येतं. कुलंटची पातळीही आधी बघा. टोक हवेत लोंबत असेल तर चांगला सेन्सरही चुकीचंच सांगणार.

तर, काकांच्या सॉकेटला मी तार लावली. आकडा उणे चाळीसवरच. एअर फिल्टरचा डबा उचलला, तर खाली उंदराच्या लेंड्या आणि कुरतडलेली वायर. सोल्डर केली, टेप गुंडाळली, चावी फिरवली. १८ अंश. पंखा गप्प.

काकांनी खिशातून खोकं काढलं. कालच आणलेला नवा सेन्सर.

"हा आता परत घेतील का रे?"