मे महिन्यातला रंग

(दृश्य: वाशी. नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाची, म्हणजे सिडकोची, जुनी इमारत. बाथरूमबाहेरच्या छताला रंगारी पांढरा हात मारतोय.)

घर विकायला काढलंय. छत अगदी कोरं दिसतंय. आता जूनपर्यंत तरी कुणाला काही कळणार नाही.

घेणारा येतो रविवारी सकाळी, भर उन्हाळ्यात. नळ सोडून बघतो, पार्किंगचं विचारतो, चहा घेतो. वरच्या मजल्यावरचं पाणी स्लॅबमधून झिरपतं, हे त्याला दिसणार कसं?

मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ सालचा. त्याचं कलम ५५ नेमकं इथेच बोट ठेवतं. विकणाऱ्याला माहीत असलेला, घेणाऱ्याला माहीत नसलेला आणि नेहमीची काळजी घेऊनही त्याच्या लक्षात न येणारा महत्त्वाचा दोष विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे. लपवला, तर ती फसवणूक. भिंतीवरची उघडी भेग मात्र घेणाऱ्याने स्वतःच बघायची.

(दृश्य: कागदांची फाईल.)

दोष कागदातही असतो, आणि तो रंगाने झाकावाही लागत नाही. नवी मुंबईत बहुतेक ठिकाणी जमीन सिडकोची, साठ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर. मधल्या एखाद्या मालकाने घर नुसतं 'पॉवरवर', म्हणजे मुखत्यारपत्रावर, घेतलं असेल, तर सिडकोच्या दफ्तरी नाव जुन्याचंच राहतं. अशा मुखत्यारपत्राने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केलं आहे. वडिलांच्या नावावरच्या घरात बहिणीची सही घ्यायची राहिलेली असते. ती गोष्ट तर घरातसुद्धा कुणी काढत नाही.

(दृश्य: ठाणे, नौपाडा. टेकू दिलेली गॅलरी.)

इथे 'रीडेव्हलपमेंट होणार आहे' हे सगळे हौसेने सांगतात. महापालिकेने इमारत 'सी-वन'मध्ये, म्हणजे अतिधोकादायक, धरल्याची नोटीस आलीय, हे तितक्या हौसेने कुणी सांगत नाही. बातमी एकाच इमारतीची, पण अर्धीच.

(दृश्य: पाऊस. तेच छत, मधोमध पिवळा डाग.)

नवा मालक तक्रार घेऊन सोसायटीच्या ऑफिसात जातो. सेक्रेटरी कपाटातून फाईल काढतात. तोच फ्लॅट, तेच बाथरूम, दोन पावसाळ्यांपूर्वीचं गळतीचं पत्र. खाली विकणाऱ्याची सही.