सावळ्याची फेरी

श्रोतेहो, नमस्कार.

आज मला विषय दिला आहे कुत्र्यांच्या रोजच्या व्यायामाचा, आणि ज्याला हल्ली सगळे डॉग पार्क म्हणतात त्या मोकळ्या जागेचा. विषय देणाऱ्यांना कल्पना नव्हती, पण हा विषय आमच्या घरात दोन वर्षे शिजतोय. तेव्हा आधी घरचीच गोष्ट सांगते. माहिती नंतर. वेळ उरला तर.

मी राहते गोव्यातल्या साखळी गावात. साखळीतल्या घरात साखळीला बांधलेला कुत्रा, हा विनोद आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा करतो आणि तो आपल्यालाच पहिल्यांदा सुचला असे प्रत्येकाला वाटते. आम्हीही प्रत्येक वेळी हसतो. काय करणार?

आमचा कुत्रा काळा लॅब्राडॉर. नाव सावळ्या. नाव ठेवले बाबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी. बाबा निवृत्त मास्तर आणि पक्के विठ्ठलभक्त. पिल्लू टोपलीतून बाहेर काढले, त्यांनी एकदा पाहिले आणि म्हणाले, "हा सावळा." पुढे चर्चाच नाही.

तीन वर्षांचा होईपर्यंत सावळ्याचा दिवस व्हरांड्यात जायचा. सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजला की भुंकायचे, दुपारी झोपायचे, संध्याकाळी काहीतरी फाडायचे. त्याने बाबांच्या कोल्हापुरी चपला खाल्ल्या, तुळशीचे बूड उकरले, चवथीला गणपतीवर टांगायच्या माटोळीसाठी आणून ठेवलेल्या सुपाऱ्यांच्या घडावर झोप काढली. आम्ही त्याला वांड म्हणायचो. डॉक्टरांकडे नेला तेव्हा काट्यावर भरला 38 किलो. डॉक्टर म्हणाले, हा वांड नाही, हा कंटाळलेला आहे. याला रोज चालवा. बसवू नका, चालवा.

घरी आल्यावर प्रश्न, चालवणार कोण? आमचे हे पहाटे पणजीची बस पकडतात, माझे डबे असतात. तेवढ्यात बाबा म्हणाले, "मी नेतो. मलाही डॉक्टरांनी चालायला सांगितलंय." बाबांना साखर. रक्तातली, म्हणजे मधुमेह. नाहीतर पुन्हा तोच विनोद.

मला इतके बरे वाटले म्हणून सांगू! सकाळी सहाला सासरे आणि कुत्रा बाहेर, सव्वासातला परत. दोघेही प्रसन्न. दोघांनाही नाश्ता नको. बाबा म्हणायचे, "चालून आल्यावर भूकच लागत नाही गो." मी हे चार जणींना कौतुकाने सांगितले.

दोन महिन्यांनी सावळ्याला पुन्हा काट्यावर चढवला. साडेचाळीस! म्हणजे 40 किलो 500 ग्रॅम. डॉक्टरांनी विचारले, "फिरवता ना?" म्हटले, "रोज तासाच्या वर." डॉक्टर विचारात पडले. रक्त तपासले, कारण कुत्र्यांनाही थायरॉइडचा त्रास होतो आणि त्यातही वजन वाढते. थायरॉइड ठीक. योगायोग असा की त्याच आठवड्यात बाबांचीही साखर तपासली होती आणि तीही वाढलेली. तरीही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. माणूस मास्तरांवर संशय घेत नाही.

मग बाबा बेळगावला लग्नाला गेले, चार दिवस. पहिल्या सकाळी पट्टा मी हातात घेतला. ठरवले, वाळवंटी नदीच्या काठाने छान लांब जाऊ. फाटकाबाहेर पडलो. मी उजवीकडे वळले, सावळ्या डावीकडे. 40 किलोचे जनावर डावीकडे म्हणाले की डावीकडेच जायचे असते.

शंभर पावलांवर एक लहानसे देऊळ आहे. सावळ्या पायरीशी गेला आणि बसला. कसा? शाळेत तपासणीला साहेब आल्यावर मुले बसतात तसा. आतून भटजी आले, त्याच्यापुढे अर्धे केळे आणि चिमूटभर पंचखाद्य ठेवले आणि मला म्हणाले, "मास्तर खंय आज?" मी म्हटले, बेळगावला. ते म्हणाले, "मग त्यांचा द्रोण तुम्ही न्या." त्यांचा द्रोण! श्रोतेहो, तो द्रोण रोजचा होता.

पुढे पावाची भट्टी. सावळ्या पुन्हा बसला. भट्टीवाल्याने काही विचारलेच नाही, खिडकीतून एक कांकण टाकले. आपल्या गोव्याबाहेरच्या श्रोत्यांसाठी सांगते, कांकण म्हणजे बांगडीसारखा कडक पाव, चहात बुडवून खायचा. सावळ्याने चहाविना खाल्ला. आता पावाचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकते, उंडा दरवर्षी लहान होत चाललाय आणि पोय तर नुसती हवा भरलेली येते. लाकडाच्या भट्ट्या बंद पडत चालल्यात याचे कोणाला काही वाटत नाही, हे मला फार लागते. असो. सावळ्याला कांकण पूर्ण मापाचे मिळाले.

तिसरा मुक्काम हॉटेलाचा. तिथे तो बसलासुद्धा नाही, थेट बाकाखाली शिरला, आपल्या खोलीत शिरावे तसा. मालकांनी वर्तमानपत्राच्या कागदावर एक बन ठेवला, बाकाखाली सरकवला. म्हणाले, "हो ताचो वांटो." मी पैसे काढायला लागले तर म्हणाले, "खाते आहे." कुत्र्याचे खाते! आणि मग अगदी सहज, "मास्तरांची मिरचीभजी बांधून देऊ का?"

चौथा आणि शेवटचा मुक्काम पिंपळाखालचा कट्टा. तिथे सावळ्या आडवा झाला आणि घोरायला लागला. हलवला, ओढला, ओरडले. काही नाही. शेवटी मीही बसले. पस्तीस मिनिटे. नंतर कळले, तेवढा वेळ बाबांना पेपर वाचायला लागतो, अग्रलेख आणि निधनवार्तांसकट. शेजारी बसलेले एक आजोबा माझ्याकडे निरखून बघत होते. म्हणाले, "तुम्ही मास्तरांच्या सूनबाई ना? मास्तर सांगतात, घरात खायला मिळत नाही."

घरी पोचायला सव्वासात. मी मनाशी हिशेब केला. जाऊन येऊन चाललो किती? आठशे मीटरही नाही.

बाबा परत आले. मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी सहाला म्हटले, "बाबा, मीपण येते." चेहरा पडला, पण नाही कसे म्हणणार? देवळाशी सावळ्या बसला. बाबा म्हणाले, "चल रे, इथे काय बसतोस?" जणू पहिल्यांदाच बघताहेत. भट्टीशी बसला. "याला काय झालंय आज?" हॉटेलाशी मात्र मालकच बाहेर आले, एका हातात बशी, दुसऱ्या हातात कागद, आणि म्हणाले, "या मास्तर, चार दिवस बाकडे रिकामे होते." बाबांनी बशीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, मग खाली सावळ्याकडे पाहिले आणि एकच शब्द उच्चारला.

"घरभेदी!"

काचेपलीकडून निर्माते मला बोटे दाखवताहेत. पाच मिनिटे. अर्धा वेळ सासऱ्यांवरच गेला. तर आता पटापट ऐका.

पहिली गोष्ट. बाहेर नेणे म्हणजे व्यायाम नव्हे. चालवा, बसवू नका. लॅब्राडॉरसारख्या मोठ्या, धट्ट्याकट्ट्या कुत्र्याला दिवसाला तासभर तरी, दोन वेळांत वाटून, पाय मोकळे करायला हवेत. लहान जातींना अर्धा-पाऊण तास. पिल्लांना थोडे थोडे, वरून उड्या मारायला लावू नका, त्यांची हाडे अजून वाढत असतात. म्हाताऱ्यांनाही थोडे थोडे, पण रोज. आणि जेवण झाल्याबरोबर पळवू नका. खोल छातीच्या कुत्र्यांचे पोट फुगून पिळा पडू शकतो आणि जिवावर बेतते.

वजनाचे पाहायला काटा लागतो असे नाही. फासळ्यांवरून हलका हात फिरवा. न दाबता बरगड्या लागल्या पाहिजेत. लागत नसतील तर ताट आणि फेरी दोन्हीकडे बघा. अमेरिकेत 48 लॅब्राडॉरांवर केलेला एक अभ्यास 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. एकाच वेतातल्या भावंडांच्या जोड्या, त्यातल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी खाणे. कमी खाणारे साधारण 13 वर्षे जगले, दुसरे 11 वर्षे आणि थोडे. जवळजवळ दोन वर्षांचा फरक. आणि लॅब्राडॉर इतके अधाशी का, याचे एक कारण केंब्रिजच्या संशोधकांना 2016 मध्ये सापडले. दर चारांतल्या साधारण एकाच्या जनुकात असा दोष असतो की पोट भरल्याची वर्दी मेंदूला नीट पोचत नाही. हे मी घरी वाचून दाखवले तेव्हा बाबा म्हणाले, "माझेही तपासून घ्या."

दुसरी गोष्ट, उन्ह. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, पंजांच्या गाद्यांना तेवढा येतो. तो थंड होतो धापा टाकून, जिभेवरचे पाणी सुकवून. आपल्याकडच्या दमट हवेत ते पाणी सुकत नाही, म्हणून चैत्र-वैशाखात सकाळी सातच्या आत आणि संध्याकाळी साडेसहानंतर. डांबरावर हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून बघा. तुम्हाला टेकवत नसेल तर त्याचे पायही भाजतात. पग आणि बुलडॉग, बसक्या नाकाचे, यांना तर अधिकच जपा. आणि ज्यांनी गोव्यात हस्की आणून ठेवलेत त्यांना मी काय सांगू? बर्फातले जनावर आणायचे आणि मग दिवसरात्र एसी लावून बसायचे!

पावसात तुंबलेल्या पाण्यातून नेऊ नका. उंदरांच्या मुतातून लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस हा आजार होतो, कुत्र्याला आणि त्याच्याकडून माणसालाही. त्याची लस मिळते. परत आल्यावर पंजांच्या बोटांमधून, कानांच्या आतून बघा, गोचिडी तिथेच लपतात. मुसळधार पडत असेल तर घरातच खाऊ लपवा, त्याला शोधू द्या. त्याच्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी वीस कोटींच्या वर, आपल्या साठ लाखांच्या आसपास. वीस मिनिटे नाक चालवले तरी तो दमतो. म्हणूनच रस्त्यात खांब हुंगताना त्याला खस्सकन ओढू नका. तो पेपर वाचतोय. बाबांना पस्तीस मिनिटे, तर त्याला पाच द्या की.

आता डॉग पार्क. हैदराबादच्या महापालिकेने कोंडापूरला 2018 मध्ये 1.3 एकरांत असे उद्यान केले. त्याचे मर्म दोन फाटकांत. पहिले लावायचे, मध्ये पट्टा सोडायचा, मग दुसरे उघडायचे, म्हणजे कोणी रस्त्यावर पळत नाही. लहान आणि मोठे कुत्रे वेगळे. आत खाऊ नाही, कारण भांडणे खाऊवरून होतात. माजावरची कुत्री नाही, लस न घेतलेले पिल्लू नाही. आणि मालकाने फोनमध्ये डोके घालायचे नाही. पुढचे पाय टेकवून मागचा भाग वर केला की खेळाचे आमंत्रण. अंग ताठ, शेपटी ताठ, नजर रोखलेली असली की उठा आणि आपला कुत्रा बाजूला घ्या. लक्षात ठेवा, आधी चालवा, मग सोडा. दिवसभर बांधलेला कुत्रा थेट आत सोडलात तर तो खेळत नाही, अंगावर जातो.

आमच्या आळीजवळ अशी सोय नाही. आम्ही चार घरांनी मिळून एकाच्या कुंपणाच्या आवारात रविवारी संध्याकाळी तासभर कुत्रे सोडायला सुरुवात केली. खर्च शून्य. आपल्याकडे नवीन बाग होते ती सिमेंटचे ठोकळे घालूनच, आणि पाटी लावतात, गवतावर चालू नये. कोणते गवत?

किनारा म्हणजे मात्र डॉग पार्क नव्हे. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथे थंडीत कासवे अंडी घालायला येतात. तिथे पट्टा सोडायचा नाही. कुत्रा वाळू उकरणारच. इतर किनाऱ्यांवरही गोडे पाणी बरोबर न्या. समुद्राचे प्यायला तर रात्रभर तुम्ही जागे.

आणि गल्लीतले कुत्रे आडवे आले तर पळू नका, उभे राहा, आपल्या कुत्र्याला जवळ घ्या, सावकाश बाजूने निघा. गोव्यात 2014 पासून रेबीजच्या लसीकरणाची मोहीम गावोगाव चालली आहे. डोक्यावर रंगाचा ठिपका दिसला तर त्याला लस दिलेली आहे असे समजा. घरच्याचीही दरवर्षीची लस चुकवू नका.

निर्माते आता एकच बोट दाखवताहेत, म्हणून शेवटचे. दहा महिने झाले. आता दोघे खरोखर नदीकाठाने जातात, मी आठवड्यातून दोनदा अचानक मागून जाते. सावळ्या 33 किलोंवर आला. चपला शाबूत आहेत. बाबांची साखर किती आहे ते सांगायची मला परवानगी नाही.

पण बाबा, तुम्ही आत्ता घरी रेडिओ लावून बसलेले असणार. वरच्या फळीवरच्या डब्यातली कांकणे मी मोजून आले आहे. अकरा आहेत.

नमस्कार.