एका डोळ्याची कोकरं

नमस्कार मंडळी. इंदूरकरांना नमस्कार, आणि देवास-महूकडे रेडिओ लावून बसलेल्यांनाही.

आजचा विषय रॅब्डोमायोसार्कोमा. नाव अवघड, पण मुलांना मऊ ऊतींचे, म्हणजे स्नायू-चरबी असल्या भागांचे, जे कॅन्सर होतात, त्यात सगळ्यांत जास्त आढळणारा हाच. पण आधी मेंढरांची गोष्ट. होळकरांच्या गावात मेंढरांचं बोलायला संकोच कसला? मल्हारराव धनगराच्याच घरातले.

तर अमेरिकेत आयडाहो नावाचा डोंगराळ मुलूख आहे. गेल्या शतकाच्या मध्यावर तिथल्या मेंढ्यांना विचित्र कोकरं होऊ लागली. कपाळाच्या मधोमध एकच डोळा! मेंढपाळ हादरले. 1957 च्या सुमारास सरकारी शास्त्रज्ञ तपासाला आले, आणि एक जण तर उन्हाळेच्या उन्हाळे मेंढ्यांबरोबर कुरणात जाऊन राहिला. मेंढपाळांचं ऐकून कोणी एवढं करतं, याचंच मला अप्रूप. आमच्या गल्लीतल्या फुटक्या नळाकडे अजून कोणी फिरकलेलं नाही. असो.

शेवटी चोर सापडला. डोंगरावरच्या कुरणात उगवणारी कॉर्न लिली नावाची वनस्पती. गाभण मेंढीनं ती चौदाव्या दिवसाच्या आसपास खाल्ली, तरच एका डोळ्याचं कोकरू. आधी-नंतर खाल्ली तर ते व्यंग नाही. पुन्हा सांगते, चौदाव्या दिवसाच्या आसपास. वनस्पतीतलं द्रव्य वेगळं काढलं आणि ग्रीक कथांमधल्या एकाक्ष राक्षसावरून त्याला सायक्लोपामीन म्हटलं. पण ते नेमकं करतं काय? याचं उत्तर मिळायला 1998 उजाडावं लागलं.

मधल्या काळात जर्मनीत वेगळंच चाललं होतं. फळमाशीच्या अळ्यांवर काम करताना न्युसलाइन-फोलहार्ड आणि विशाउस या दोघा शास्त्रज्ञांना एक जनुक सापडलं. ते बिघडलं की अळीच्या अंगभर काटे उगवायचे, म्हणून एका काटेरी प्राण्यावरून नाव पडलं हेजहॉग. निबंध 1980 चा, नोबेल 1995 चं. या जनुकामुळे पेशींना मिळणारा हेजहॉग संदेश आपल्या गर्भातही असतो, आणि चेहऱ्याच्या मधोमध दोन बाजू वेगळ्या करतो. सायक्लोपामीन तोच अडवतं. मग डोळे दोन कुठून होणार?

आता मुलांकडे येऊ. गर्भात स्नायू घडतात तेव्हा हेजहॉग, नॉच, विंट असे संदेश कोवळ्या पेशींना सांगतात, वाढा, थांबा, आता पक्क्या व्हा. काम झालं की मांडव उतरवायचा. या कॅन्सरमध्ये मांडव उतरतच नाही. पेशी अर्धवट स्नायू होऊन वाढत राहतात. हेजहॉगला पॅच्ड नावाचा ब्रेक असतो. हा ब्रेक जन्मतःच बिघडलेल्या उंदरांमध्ये अशा गाठी झालेल्या दिसल्या. काही मुलांमध्ये बिघाड निराळा असतो, दोन जनुकं तुटून चुकीची जोडली जातात, पॅक्स-थ्री आणि फॉक्सो-वन. तो प्रकार जास्त चिवट.

गाठ बहुतेक वेळा दुखत नाही. दुखत नाही म्हणून घरोघरी तेल लावून चोळतात, 'पडला असेल कुठेतरी' म्हणतात. चोळू नका. डोळा पुढे येतोय, लघवीतून रक्त जातंय, गाठ मोठी होतेय, तर बालरोगतज्ज्ञांकडे न्या. दुखत नसली तरी न्या.

उपचारात व्हिन्क्रिस्टिन हमखास असतं, आणि ते आपल्या अंगणातल्या सदाफुलीतून मिळतं. म्हणून कॉलनीतले काका मधुमेहासाठी पानं चावत बसतात, त्याला मात्र माझा सक्त विरोध आहे. औषध मोजून शिरेत देतात, चावून नव्हे.

आणि हेजहॉग अडवणारी गोळी? 2012 पासून मोठ्यांच्या एका त्वचेच्या कॅन्सरसाठी आहे. मुलांना सर्रास का देत नाहीत? कारण त्यांच्या हाडांना अजून तो संदेश हवा असतो. हाडांच्या टोकांची वाढ वेळेआधीच बंद होते आणि मूल बुटकं राहतं. कोकरांच्या वेळी चौदावा दिवस होता, इथे वाढीची सगळी वर्षं.

वेळ झाली. मंडळी, नमस्कार.