वय निघून जायच्या आत

(पहाट. सातारा जिल्ह्यातल्या एका गावाबाहेरचं मैदान. अंधारात धावणाऱ्या पावलांचा आवाज.)

पहाटेचे पाच वाजलेत. चुन्याच्या रेषा अजून नीट दिसत नाहीत, पण मुलांच्या पायांना त्या पाठ आहेत. चारशे मीटरचा एक राउंड, असे चार. सोळाशे मीटर. कडेला दगडाला मोबाइल टेकवून ठेवलाय, त्यावर स्टॉपवॉच पळतंय. साडेपाच मिनिटांच्या आत यायचं. शेवटच्या राउंडला एकाचा श्वास फुटतो, तो कमरेवर हात ठेवून वाकतो, तर मागून येणारा त्याच्या पाठीवर थाप मारून ओरडतो, "थांबू नको रे, चाल तरी!"

याला आपल्याकडे "भरती करणं" म्हणतात. काय करतोस विचारलं की मुलगा सांगतो, भरती करतोय. जणू तो एक अभ्यासक्रमच आहे. आणि आहेच तो. याच जिल्ह्यात अपशिंगे नावाचं गाव आहे, त्याला सगळे अपशिंगे मिलिटरी म्हणतात. कोल्हापूरकडे सैनिक टाकळी आहे. गावाच्या नावातच वर्दी असलेली ही माणसं. तेव्हा महाराष्ट्रातल्या मुलांना सैन्याची ओढ कशी लावायची, हा प्रश्न आम्हाला पडलेलाच नाही. ओढ आहे. प्रश्न वेगळा आहे.

या मैदानावर धावणाऱ्यांत बारावी झालेले आहेत, तसे पदवीधरही आहेत. त्यातल्या एकाला, बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलाला आम्ही विचारलं, "सीडीएस दिलीस का?"

तो म्हणाला, "ते काय असतं?"

(मैदानावर ऊन येतं. मुलं गोल करून बसलेली.)

सीडीएस म्हणजे कंबाइन्ड डिफेन्स सर्व्हिसेस परीक्षा. केंद्रीय लोकसेवा आयोग ती वर्षातून दोनदा घेतो. पदवीच्या शेवटच्या वर्षातला विद्यार्थीही ती देऊ शकतो. डेहराडूनच्या भारतीय सैनिकी अकादमीसाठी इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि दहावीच्या पातळीचं गणित. चेन्नईच्या अधिकारी प्रशिक्षण अकादमीसाठी तर गणितही नाही, फक्त इंग्रजी आणि सामान्य ज्ञान. तिथं मुलींनाही प्रवेश आहे. बीकॉम चालतं, बीए चालतं. हा मुलगा रोज पहाटे जवान होण्यासाठी धावतोय, आणि त्याच्याकडे असलेली पदवी त्याला अधिकाऱ्यांच्या परीक्षेला बसवू शकते, हे त्याला आजवर कुणी सांगितलेलं नाही.

इथं एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. जवान होणं कमी आणि अधिकारी होणं थोर, असं आम्हाला अजिबात म्हणायचं नाही. सैन्य जवानाच्या खांद्यावर उभं आहे. जवान म्हणून गेलेल्या हुशार मुलालाही पुढे डेहराडूनच्या आर्मी कॅडेट कॉलेजमधून अधिकारी होता येतं. पण दोन दारं असताना मुलाला एकच माहीत असणं, हा त्याच्यावर अन्याय आहे.

(पुणे. सदाशिव पेठेतली अभ्यासिका. शेजारी शेजारी मांडलेली टेबलं, पुस्तकांचे ढीग.)

आता गाव सोडून शहरात येऊ. या अभ्यासिकेतली मुलं रोज दहा-बारा तास बसतात. राज्यसेवा, कम्बाइन, सरळसेवा. कुणाचं हे तिसरं वर्ष, कुणाचं सहावं. भूगोल, राज्यघटना, इतिहास, चालू घडामोडी सगळं तोंडपाठ. सीडीएसच्या सामान्य ज्ञानाच्या पेपरात याहून वेगळं काही फारसं नसतं. पण ही मुलं तो पेपर देत नाहीत. आपल्याकडे स्पर्धा परीक्षा म्हटलं की डोळ्यासमोर कलेक्टर येतो, तहसीलदार येतो, फौजदार येतो. लेफ्टनंट येत नाही.

आणि वय थांबत नाही. डेहराडूनसाठी साधारण 24, चेन्नईसाठी 25 वर्षांपर्यंत. राज्यसेवेला त्याहून बरीच वर्षं मिळतात, म्हणून मुलं निवांत असतात. "बघू, आधी हे होऊ दे." आधी ते होईपर्यंत हे दार लागलेलं असतं.

दुसरीकडे ज्यांच्या घरात शिक्षण दोन-तीन पिढ्यांचं आहे, ती घरं. तिथं दहावीला नव्वद टक्के पडले की मुलाचं पुढचं आयुष्य हॉलमध्ये बसूनच ठरतं. इंजिनीअरिंग, मग आयटी, मग जमलं तर परदेश. सैन्याचं नाव कुणी काढलंच तर आई म्हणते, "अहो, एकुलता एक आहे." या वाक्याला हसायचं कारण नाही. एकुलत्या एका मुलाला सीमेवर पाठवण्याची भीती खरी आहे, आणि त्या भीतीला घोषणांनी उत्तर देता येत नाही.

तिला उत्तर द्यायचं तर आधी खरं सांगावं लागतं. दर दोन-तीन वर्षांनी बदली होते. मुलांच्या शाळा बदलतात. जोडीदाराची नोकरी मध्येच सुटते, कधी कायमची. काही पोस्टिंगला कुटुंब नेताच येत नाही. आणि मृत्यूची शक्यता असते, ती पगाराच्या आकड्यामागे लपवता येत नाही. पगार चांगलाच आहे. लेफ्टनंटचं मूळ वेतन 56,100 रुपयांपासून सुरू होतं, त्यावर दरमहा 15,500 रुपये मिलिटरी सर्व्हिस पे, शिवाय भत्ते, घर आणि कुटुंबाला वैद्यकीय सुविधा. पण केवळ या आकड्याकडे पाहून आलेला मुलगा टिकणार नाही, हे सैन्यालाही ठाऊक आहे.

(साताऱ्याजवळच्या डोंगराची दृश्यं. संथ.)

पोगरवाडी. सातारा जिल्ह्यातलं छोटं गाव. कर्नल संतोष महाडिक इथले. साताऱ्याच्या सैनिक स्कूलचे विद्यार्थी. 17 नोव्हेंबर 2015 रोजी काश्मीरच्या कुपवाडा भागात दहशतवाद्यांशी लढताना त्यांना वीरमरण आलं. तेव्हा ते 41 राष्ट्रीय रायफल्सचे कमांडिंग ऑफिसर होते. घरी पत्नी स्वाती आणि दोन लहान मुलं.

स्वातीताईंनी ठरवलं, आपणही वर्दी घालायची. वयाची अट त्यांच्यासाठी शिथिल झाली, पण निवडीच्या आणि प्रशिक्षणाच्या कसोट्या त्यांना पार कराव्याच लागल्या. बरोबरची मुलं-मुली विशी-बाविशीची. चेन्नईचं प्रशिक्षण जवळपास वर्षभराचं. सप्टेंबर 2017 मध्ये त्या लेफ्टनंट झाल्या.

ज्या बाईनं या नोकरीची सगळ्यात मोठी किंमत मोजली, तिनंच ती स्वतःसाठी निवडली. हे आम्ही कुणाला तयार करण्यासाठी सांगत नाही. पण "सैन्यात जाऊन काय मिळतं?" असं कुणी विचारलं, तर आम्हाला आधी स्वातीताई आठवतात.

(खडकवासला. धरणाचं पाणी, पलीकडे प्रबोधिनीचा परिसर.)

ही राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी. एनडीए. मधोमध घुमट असलेली ती इमारत म्हणजे सुदान ब्लॉक. दुसऱ्या महायुद्धात सुदानच्या रक्षणासाठी लढलेल्या भारतीय सैनिकांच्या स्मरणार्थ सुदाननं दिलेल्या निधीतून ती उभी राहिली. प्रबोधिनीची पायाभरणी पंडित नेहरूंच्या हस्ते, 6 ऑक्टोबर 1949 रोजी. बारावीनंतर इथं तीन वर्षं, मग आपापल्या दलाच्या अकादमीत पुढचं प्रशिक्षण. राहणं, जेवण, शिक्षण, सगळा खर्च सरकारचा.

मी शाळेत असताना सहलीला सिंहगडावर गेलो होतो. गुरुजींनी खाली बोट दाखवलं आणि सांगितलं, "ती मिलिटरी." एवढंच. आम्ही पाहिलं आणि पिठलं-भाकरी खायला पळालो. मग कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला, होस्टेलवर, एका मित्राच्या हातात परीक्षेचा फॉर्म दिसला आणि "ती मिलिटरी" म्हणजे काय ते मला कळलं. प्रवेशाचं वय साडेसोळा ते साडेएकोणीस. मी वीस वर्षांचा होतो. गुरुजींवर माझा राग नाही. त्यांनाही कुणी सांगितलं नव्हतं.

हा माहितीपट मी करतोय तो त्या दिवसामुळे.

माजी लष्करप्रमुख जनरल मनोज नरवणे पुण्याचे, ज्ञान प्रबोधिनी प्रशालेचे विद्यार्थी आणि याच एनडीएचे कॅडेट. त्यांचे वडील हवाई दलात अधिकारी होते. घरात वर्दी असली की जेवताना सहज कानावर पडतं, फॉर्म कधी निघतो, अधिकारी निवडणारी एसएसबीची मुलाखत म्हणजे काय, डोळ्यांचा नंबर किती चालतो. शेतकऱ्याच्या, शिक्षकाच्या, दुकानदाराच्या घरात हे कोण बोलणार? तिथं हे काम शाळेनंच करायला हवं, आणि तेही आठवी-नववीत. बारावीत सांगून उपयोग नाही. हवाई दल आणि नौदलासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित असावं लागतं, आणि विषय तर अकरावीतच ठरलेले असतात.

सोय नाही असं नाही. छत्रपती संभाजीनगरला राज्य सरकारची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था 1977 पासून आहे. दहावीनंतर निवडलेल्या मुलांना दोन वर्षं ठेवून ती एनडीएची तयारी करून घेते. मुलींसाठी तशीच संस्था 2023 मध्ये नाशिकला सुरू झाली. नाशिक रोडलाच छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे, तिथं एसएसबीची तयारी राहण्या-जेवणासह मोफत होते. आम्ही ज्या ज्या मैदानावर गेलो, तिथं या केंद्राबद्दल विचारलं. बहुतेकांनी नाव पहिल्यांदाच ऐकलं.

(दोरी, फळी, लाकडाची बल्ली. लाल-पांढऱ्या रंगात रंगवलेले अडथळे.)

लेखी परीक्षेनंतर येते ती एसएसबी. एनडीएच्या लेखीला 900 गुण आणि हिलाही 900. पाच दिवसांची ही मुलाखत, पण तिथं तुमचं नाव बाजूला राहतं. छातीवर नंबर बांधला जातो आणि तीच तुमची ओळख. पहिल्याच दिवशी धूसर चित्र तीस सेकंद दाखवतात, त्यावर चार मिनिटांत गोष्ट लिहायची आणि मग गटात बोलायचं. संध्याकाळच्या आत निम्म्याहून अधिक मुलं बॅगा उचलून स्टेशनवर गेलेली असतात. राहिलेल्यांना पुढे साठ शब्द दाखवले जातात, एकेक शब्द पंधरा सेकंद, मनात आलेलं वाक्य लिहायचं. घोकून आलेली वाक्यं तिथं पुरत नाहीत.

मग मैदान. आठ-दहा जणांचा गट, फळी, बल्ली, दोरी आणि एक ओझं. लाल रंगाला शिवायचं नाही, जमिनीला पाय लावायचा नाही, ओझं पलीकडे न्यायचं. सगळे एकदम बोलायला लागतात. अशा वेळी एखादा कमी बोलणारा मुलगा पुढे होतो, फळीवर बल्ली आडवी टाकतो, दोरीचा फास घट्ट आवळतो आणि म्हणतो, "तू आधी जा, मी धरतो." उसाच्या ट्रॉलीला ज्यानं दोर आवळलाय, त्याच्या हाताला हे शिकवावं लागत नाही. पाहणाऱ्या अधिकाऱ्याला इंग्रजी भाषणापेक्षा ते "मी धरतो" जास्त हवं असतं. आपली मुलं इंग्रजीच्या भीतीनं फॉर्मच भरत नाहीत, याचं वाईट वाटतं ते म्हणून. इंग्रजी लागतं, पण साधं, चुकत-माकत का होईना, ठामपणे बोललेलं. ते दोन वर्षांत येतं.

एसएसबीतून परत आलेली मुलं खचतात. खरं तर पहिल्या खेपेला परत येणं अगदी नेहमीचं आहे. दुसऱ्या, तिसऱ्या, पाचव्या प्रयत्नात निवडले गेलेले अधिकारी आहेत. पण त्यासाठी पुढचे प्रयत्न वयात बसायला हवेत, म्हणजे सुरुवात वेळेत व्हायला हवी.

आणि मुली. सर्वोच्च न्यायालयाच्या 2021 च्या आदेशानं एनडीएचं दार त्यांना उघडलं. 2022 मध्ये पहिली तुकडी आत गेली. 30 मे 2025 रोजी खडकवासल्याच्या संचलनात पहिल्यांदाच 17 मुली बाहेर पडल्या.

(एका जिल्हा परिषद शाळेतला नववीचा वर्ग. फळ्यावर खडूनं लिहिलेलं: साडेसोळा ते साडेएकोणीस.)

आम्ही फळ्यावर एवढंच लिहिलंय. वर्गात बराच वेळ कुणी बोलत नाही. मग दुसऱ्या बाकावरची एक मुलगी बोटांच्या पेरांवर महिने मोजायला लागते. एकदा चुकते, परत पहिल्यापासून मोजते. शेजारची तिच्याकडे बघून आपलेही मोजू लागते.

"सर, एनडीएची परीक्षा पण वर्षातून दोनदा म्हणालात ना?"

हो.

"म्हणजे मला पाच-सहा चान्स मिळतात." ती वहीत काहीतरी लिहिते. मग पुन्हा वर बघते. "आणि सर, अकरावीला गणित घ्यावंच लागेल का?"