चिनी मित्राकडे जाताना १०१चं पाकीट नको

नमस्कार! शांघायला मित्राकडे निघालाय आणि बॅगेत हापूस टाकलाय? तो आधी बाहेर काढा. ताजी फळं, दूध, लोणी, चीज, बियाणं यातलं काहीच चीनमध्ये प्रवाशाच्या सामानातून नेता येत नाही. कस्टम्सवाले तिथेच काढून घेतात. पेढ्यांचाही मोह नको, दुधाचेच ते.

आता बाकीचं सामान. तिकडे बऱ्याचदा वस्तूत खोट नसते, उच्चारात असते. भिंतीवरचं घड्याळ भेट देणं म्हणजे 'सुंग चुंग', आणि मरणाऱ्याची अखेरची सेवा करून त्याला पोचवणं यालाही 'सुंग चुंग'च म्हणतात! मनगटी घड्याळ मात्र खुशाल द्या, त्याचा शब्दच वेगळा आहे, 'ब्याओ'. छत्री 'सान', तर पांगापांगही 'सान', फक्त सूर बदलतो. पेअर हे फळ 'ली', ताटातूटही 'ली'. आणि आपली हुकमी भेट, कोल्हापुरी? पादत्राण म्हणजे 'श्ये', अभद्रही 'श्ये'. पुरुषाला हिरवी टोपी तर चुकूनही नको. बायकोचं बाहेर लफडं आहे, असा तिचा अर्थ होतो.

मग न्यायचं काय? हिमरू शाल उत्तम. लाल, मरून, सोनेरी घ्या. पांढरा रंग दुखवट्याचा. फळं तिथल्याच दुकानातून पेटीबंद घ्या. सफरचंद सगळ्यात बरं, कारण 'फिंग-क्वो'मधला 'फिंग' सुखरूपपणाच्या शब्दातही येतो. एक नको, दोन पेट्या. जोडी शुभ.

लग्नाला बोलावलंय? मग लाल पाकीट, 'होंगपाव'. आपला हात सवयीनं १०१कडे जातो, आणि तिथेच घोटाळा होतो. तिकडे शुभकार्याला सम आकडा, विषम आकडा दुखवट्याला. ६०० किंवा ८०० युआन छान. ४०० नको, 'चार' आणि 'मरण' यांचे उच्चार जवळजवळ सारखे. २५० तर नकोच नको, तिथे 'अडीचशे' ही मूर्खाला द्यायची शिवी आहे! नोटा कोऱ्या हव्यात.

देताना दोन्ही हातांनी द्या. समोरचा दोन-तीनदा नको म्हणेल. आपलं "अहो, कशाला आणलंत?" असतं ना, तेच हे. आग्रह सोडू नका. तुमच्यासमोर तो बहुधा उघडणारही नाही. "उघड ना, बघ तरी" म्हणू नका.

आणि कोल्हापुरी आधीच घेऊन ठेवली असेल, तर मित्राकडून एक युआनचं नाणं मागून घ्या. पैसे दिले की ती भेट राहत नाही, खरेदी होते. छत्रीला आणि घड्याळालाही हाच तोडगा.