रिझ, रिक्षा आणि चुलगीम

श्रोतेहो, नमस्कार.

चवथ झाली, चाकरमानी गाड्या भरून परत गेले, आणि आमच्या घरी एक शब्द मागे राहिला. गणपतीच्या डोक्यावरच्या माटवीला कवंडळं, म्हणजे रानफळं, बांधताना माझी नात फोनवर मैत्रिणीला सांगत होती, "अगं, त्याच्याकडे काय रिझ आहे!" शेजारच्या काकी नारळ सोलत बसल्या होत्या. त्यांनी मला विचारलं, "मास्तरानू, ता रिझ म्हणजे खावचा की लावचा?"

तीस वर्षं इंग्रजी शिकवलेला मी मास्तर, आणि मला सांगता येईना. शेवटी नातीलाच विचारलं. ती म्हणाली, "आजोबा, समोरच्यावर छाप पाडायची कला. करिझ्मामधला रिझ." तिथे मात्र माझी ट्यूब पेटली. 'करिझ्मा'चं डोकं उडवलं, शेपूट उडवलं, आणि मधला तुकडा ठेवला. बांगडा साफ करतात ना, तसंच. ऑक्सफर्डच्या कोशकारांनी 2023 साली हाच 'वर्षाचा शब्द' ठरवला.

हे कापणं जुनंच आहे. 'रेफ्रिजरेटर'चा फ्रिज असाच मधून काढलेला, 'इन्फ्लुएन्झा'चा फ्लू तसाच. आणि कणकवली स्टँडवर उतरून रिक्षा पकडणारा आपला माणूस तरी काय बोलतो? रिक्षा म्हणजे जपानी 'जिनरिकिशा', पुढचा 'जिन' गळालेला. त्या जपानी शब्दात 'जिन' म्हणजे माणूस. म्हणजे शब्दातून माणूस आधी गेला, गाडी ओढणारा माणूस नंतर! बसची गंमत याहून मोठी. मूळ लॅटिन शब्द 'ऑम्निबस', अर्थ 'सर्वांसाठी'. लोकांनी अर्थाचा भाग टाकला आणि नुसता प्रत्यय उचलला. एस्टी ही तर दोन अक्षरंच, पण आमच्याकडच्या जुन्या माणसांनी तिची 'यष्टी' करून तिला घरचीच केली.

शिष्ट लोकांना याचा राग येतो, तोही जुनाच. गलिव्हरच्या सफरी लिहिणारा जोनाथन स्विफ्ट 1710 साली एका लेखात असल्या तोडक्या शब्दांवर तुटून पडला होता. त्याला डाचणाऱ्या शब्दांत 'मॉब' होता, लॅटिन 'मोबिले वल्गुस'चा, म्हणजे चंचल गर्दीचा, तुकडा. 'पॉझिटिव्हली'चा 'पॉझ' होता. आणि चेहरा या अर्थाच्या 'फिझिऑग्नॉमी'चा 'फिझ' होता. फिझ आणि रिझ! तीनशे वर्षांचं अंतर, पण कात्री तीच. 'पॉझ' मेला. 'मॉब' आज वर्तमानपत्राच्या मथळ्यात बसतो आणि कुणाला खटकत नाही.

कधी शब्द थट्टेतून जन्मतो. 1839च्या सुमारास अमेरिकेत बोस्टनच्या पत्रकारांना मुद्दाम चुकीचं स्पेलिंग करून त्याची आद्याक्षरं छापायची खोड लागली होती. 'ऑल करेक्ट'चं 'ऑल' त्यांनी 'ओ'ने लिहिलं, 'करेक्ट' 'के'ने, आणि ओके तयार झालं. अशी कितीतरी अक्षरं तेव्हा छापली गेली आणि विसरली गेली. हे एकच उरलं. आता मालवणच्या धक्क्यावरचा खलाशीही दोर सोडताना ओके म्हणतो.

कधी अर्थच पालथा होतो. 'सिक' म्हणजे आजारी, पण पोरांच्या तोंडी झकास. यावर आपण नाक मुरडायचं कारण नाही. जिवलग मित्र वर्षाने भेटला की "रे मेल्या, खंय होतंस?" असं विचारणारे आपण!

पण मला सगळ्यात आवडतात ते लपवायचे शब्द. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या रस्त्यांवर हातगाडीवर मासे, फळं, भाजी विकणारे शब्द उलटे करून बोलत. पेनीला 'येनेप' म्हणत. बॉयचं 'यॉब' झालं, आणि ते आजही तिकडे टवाळ पोरासाठी वापरतात. गिऱ्हाईकाला भाव कळू नये, पोलीस आला तर सोबत्याला कळावं, ही पोटापाण्याची सोय होती. नव्या बोलीचं खरं कारण मला इथे दिसतं. आळस किंवा वाया गेलेली पिढी वगैरे आपण उगाच म्हणतो. कुणाला तरी कळू नये म्हणून शब्द घडवायचा आणि आपल्यातल्याला कळला की मिशीत हसायचं. आजच्या इंग्रजी पोरांच्या तोंडचे कितीतरी शब्द अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी आपल्या आपल्यात घडवलेले आहेत. ते घेताना घडवणाऱ्याचं नाव कुणी घेत नाही, एवढी एक गोष्ट मला खटकते.

आता तुम्ही म्हणाल, लंडनचं कौतुक पुरे. आपण लहानपणी 'च'ची भाषा बोललो नाही काय? मुलगी म्हणजे 'चुलगीम', मासा म्हणजे 'चासाम'. आई ओटीवर असली की आम्ही भावंडं मागच्या दारी याच भाषेत कैऱ्यांचे बेत करायचो. आईला सगळं कळत असे, हे आम्हाला फार उशिरा कळलं. तीही लहानपणी तेच बोलली होती.

निघायच्या आदल्या रात्री मी नातीला 'च'ची भाषा शिकवली. अर्ध्या तासात ती माझ्यापेक्षा भराभर बोलायला लागली. सकाळी गाडीत बसताना बघतो तर मैत्रिणींच्या गटाचं नाव तिने बदलून 'चुलगीम' ठेवलेलं. मी म्हटलं, "अगं, 'चुलगीम' म्हणजे एकच मुलगी." ती म्हणाली, "आजोबा, आमच्याकडे अनेक."

काकी कुंपणापाशी उभ्या होत्या. गाडी वळली तशा म्हणाल्या, "मास्तरानू, तुमच्या नातीक मात्र रिझ आसा हां."