नक्की काय करतेस तू?

(एका तालुक्याच्या गावच्या वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. आत्ता ओळख करून देताना सरांनी ‘संगणक क्षेत्रात पंचवीस वर्षं कार्यरत’ असं म्हटलं. क्षेत्र म्हटलं की मला बांध घातलेलं शेतच डोळ्यांपुढे येतं. माझी आई हेच थोडक्यात सांगते, ‘ती कॉम्प्युटरमध्ये असते.’ कुणाची मुलगी बँकेत असते, कुणाची एसटीत असते, तशी मी कॉम्प्युटरमध्ये. शेजारच्या काकूंचा प्रिंटर अडला की त्या हक्कानं बोलावतात. मला तो दुरुस्त करता येत नाही हे कळल्यावर त्यांचा चेहरा जसा होतो, तो मी पंचवीस वर्षं बघतेय.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांची मुलं, सुना, जावई हिंजवडीला, खराडीला, मगरपट्ट्याला किंवा सातासमुद्रापार आहेत. मगाशी चहा घेताना तुम्हीच सांगितलंत. ‘नक्की काय करतोस रे तू?’ असं तुम्ही एकदा तरी विचारलं असेल, आणि ‘तुम्हाला नाही कळणार, बाबा’ म्हणून त्यानं पुन्हा फोनमध्ये डोकं घातलं असेल. आज त्याच्या वतीनं मी उत्तर देते.

तो वाचतो. दिवसातला बराचसा वेळ तो दुसऱ्यानं लिहिलेलं वाचत असतो. सिनेमात दाखवतात तसं खटाखट टंकन आमच्याकडे फार कमी. आठ तासांत पंचवीस-तीस ओळी नव्या लिहून झाल्या, तर माझा दिवस चांगला गेला म्हणायचं. बाकीचा वेळ, एखाद्यानं दहा-बारा वर्षांपूर्वी जे लिहून ठेवलं आणि मग राजीनामा देऊन निघून गेला, ते लावण्यात जातो. ‘लावण्यात’ हा शब्द मुद्दाम वापरतेय. मोडी वाचणारी माणसं जुनं कागदपत्र लावतात ना, तसंच आमचं. मधेच समासात टीप सापडते, ‘हे का चालतं ते माहीत नाही. हात लावू नये.’ मी ती टीप वाचते आणि हात लावत नाही.

गिट नावाची एक व्यवस्था आमच्याकडे जवळजवळ सगळेच वापरतात. लिनक्स या संगणकप्रणालीचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सच्याच कामासाठी ती २००५ साली लिहिली. प्रोग्राममधला प्रत्येक बदल तिच्यात नोंदला जातो. तिच्यात ‘ब्लेम’ नावाची एक आज्ञा आहे. ती दिली की प्रत्येक ओळीपुढे, ती शेवटची कुणी बदलली आणि कोणत्या तारखेला, हे नावानिशी दिसतं. तलाठ्याकडची फेरफार नोंद समजा. एखादी भयंकर ओळ बघून ‘कोण हा महाभाग’ असं पुटपुटत मी ती आज्ञा देते, आणि समोर माझंच नाव येतं. हे प्रत्येकाच्या बाबतीत होतं. न होणाऱ्याला अजून नोकरी लागलेली नसते.

आणि तो लिहितो. मेल, तिकिटं (म्हणजे तक्रारींच्या आणि कामांच्या नोंदी), दिवसअखेरचा अहवाल, रात्रपाळीच्या माणसासाठी हँडओव्हरची टिपणं, बदल का केला याच्या दोन ओळी. त्या दोन ओळींवरून मोठी भांडणं होतात. प्रोग्राममधली ओळ किती जागा सोडून सुरू करायची, कंस कुठे बंद करायचा, यावर मी शहाण्यासुरत्या माणसांना तासभर वाद घालताना पाहिलंय. नव्या मुलांना याचं हसू येतं. मी त्यांना सांगते, दासबोधाचा एकोणिसावा दशक उघडा. पहिला समास अक्षर कसं काढावं यावर आहे. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकाच टाकानं लिहिल्यासारखं दिसावं, असा समर्थांचा आग्रह. आमच्या स्टाइल गाइडमध्ये तरी याहून वेगळं काय असतं?

आता घड्याळाकडे येते, कारण तुमच्या घरातली खरी तक्रार तिथली आहे. ‘रात्री साडेनऊला कसली मीटिंग?’

कॅलिफोर्निया आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेबारा तास मागे असतं. तिकडचे सकाळचे नऊ म्हणजे आपले रात्रीचे साडेनऊ. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी ते लोक आपली घड्याळं तासभर मागे घेतात आणि फरक साडेतेरा तासांचा होतो. त्यांचे नऊ नऊच राहतात, आमची मीटिंग साडेदहावर जाते. मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं पुन्हा पुढे, मीटिंग पुन्हा साडेनऊला. भारतात कुणी घड्याळाला हात लावत नाही. पण हिंजवडीतल्या कितीतरी घरांत वर्षातून दोनदा जेवणाची वेळ सरकते, मुलांना झोपवायची वेळ सरकते, आणि ती कुणी सरकवली हे त्या मुलांना सांगताही येत नाही. माझी मुलगी लहान असताना ऋतू असे ओळखायची: आई गोष्ट सांगून मीटिंगला जाते तो हिवाळा, आणि गोष्ट अर्धी टाकून जाते तो उन्हाळा. सासूबाईंनी एकदा शांतपणे विचारलं होतं, ‘त्यांना एक दिवस आपल्या वेळेला उठवता येत नाही का गं?’ हा प्रश्न मी पुढच्याच आठवड्यात मीटिंगमध्ये इंग्रजीत मांडला. सगळे खूप हसले. वेळ तीच राहिली.

हिंजवडीच्या वाटेवरच्या भूमकर चौकातल्या ट्रॅफिकबद्दल मी बोलणार नाही. त्याला स्वतंत्र व्याख्यानमाला लागेल.

२०२० च्या मार्चमध्ये सगळं बंद झालं आणि आमचं ऑफिस घरात आलं. इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप, मागे कुकरच्या शिट्ट्या. त्या वेळी आई माझ्याकडेच अडकली होती. दोन दशकांत पहिल्यांदा तिनं माझं काम सकाळपासून रात्रीपर्यंत डोळ्यांनी पाहिलं. आठवडाभरानं भाजी निवडता निवडता ती म्हणाली, ‘मला वाटायचं तू काहीतरी मशीनचं करतेस. तू तर दिवसभर वाचतेस आणि सॉरी म्हणतेस.’ इतकं नेमकं माझं अप्रेझल आजवर कुणी केलेलं नाही.

या सॉरीबद्दल थोडं सविस्तर सांगते.

आमच्याकडे पाळीपाळीनं ‘ऑन-कॉल’ असतं. त्या आठवड्यात रात्री-अपरात्री यंत्रणा बंद पडली तर फोन तुम्हाला येतो. एका वर्षी माझी पाळी नेमकी गौरी जेवणाच्या दिवशी आली. घरी पुरण शिजत होतं, सोळा भाज्या, माणसांनी घर भरलेलं. संध्याकाळी फोन आला. मी आतल्या खोलीत लॅपटॉप उघडला. पडद्यावर दोन खिडक्या होत्या, एक चाचणीच्या सर्व्हरची, म्हणजे सरावाच्या यंत्राची, आणि एक खऱ्या सर्व्हरची, जिथे गिऱ्हाइकांचं काम चालू असतं. दोन्ही काळ्या, दोन्ही सारख्या. नको असलेल्या नोंदी पुसायची आज्ञा मी चाचणीच्या खिडकीत द्यायची होती. ती दिली खऱ्या खिडकीत. एंटर दाबला आणि त्याच क्षणी कळलं. हातातून बशी सुटली की ती फुटायच्या आधी कळतं ना, तसं.

परदेशातल्या एका दुकानाच्या ऑर्डरी दोन तास चाळीस मिनिटं अडकून पडल्या. आदल्या रात्री जपून ठेवलेल्या नोंदींच्या प्रतीवरून सगळं परत आणलं. बाहेर आले तेव्हा पंगती उठल्या होत्या. जाऊबाईंनी माझं ताट झाकून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी अहवाल लिहायचा असतो. काय झालं, का झालं, पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार. त्यात कुणाचं नाव घ्यायचं नाही असा संकेत आहे, आणि तो मला पूर्ण पटतो. नावं घ्यायला लागलं की माणसं चुका लपवतात आणि लपवलेली चूक दुप्पट मोठी होऊन परत येते. मी लिहिलं, ‘चुकीच्या सर्व्हरवर आज्ञा चालवली गेली. दोन्ही खिडक्यांचा रंग सारखा असल्याचे आढळून आले.’ उपाय म्हणून खऱ्या सर्व्हरच्या खिडकीला लाल रंग दिला गेला. तो आजही आहे आणि त्यानं पुढे कुणाकुणाला वाचवलंही असेल.

इथे मराठीचे निवृत्त शिक्षक बसलेत असं कळलं, म्हणून धाडस करते. ‘आज्ञा चालवली गेली’ हा कोणता प्रयोग? (समोरून: नवीन कर्मणी!) बरोबर, इंग्रजीच्या वळणाचा. आमचं ऑफिस अख्खं या प्रयोगात चालतं. काम केलं जातं, चूक आढळून येते, निर्णय घेतला जातो, माणसं कमी केली जातात. कर्ता कुठेच नाही. आणि गंमत बघा. ‘मी प्रोग्राम लिहिते’ म्हटलं तर क्रियापद माझ्यामागे चालतं, मी बाई आहे हे त्याला ठाऊक असतं. तेच ‘मी प्रोग्राम लिहिला’ म्हटलं की क्रियापद प्रोग्रामच्या मागे जातं. काम संपलं की मराठीतसुद्धा मी त्यातून पुसली जाते. हे मला गौरीच्या त्या रात्री सुचलं नाही. बऱ्याच वर्षांनी, एका नव्या मुलाचा अहवाल तपासताना सुचलं. त्यानं लिहिलं होतं, ‘मी घाबरलो आणि पुन्हा एंटर दाबला.’ तपासणीत आम्ही ते वाक्य काढून टाकलं. म्हणजे, काढून टाकलं गेलं.

ते काढलेलं वाक्य जातं कुठे? माझं वहीत जातं. दोनशे पानी, रेघांची. अहवालात ज्याला जागा नाही ते सगळं तिच्यात: थंड झालेलं ताट, थरथरणारा हात, जाऊबाई काहीच बोलल्या नाहीत ते. आणि मी एकटी नाही. माझ्या माहितीतला एकजण लोकलमध्ये कसारा ते ठाणे रोज पानभर लिहितो. दुसरी न्यू जर्सीत असते. मुलगा मराठी विसरू नये म्हणून त्याच्यासाठी ती लिहायला लागली. मुलगा काही वाचत नाही, तिचं लिहिणं मात्र थांबलेलं नाही. दिवसभर आम्ही अशा वाचकासाठी लिहितो ज्याला एका स्वल्पविरामाची चूक चालत नाही. संध्याकाळी कुठलाच नियम न पाळता लिहायला बरं वाटतं.

वहीच का, कॉम्प्युटर का नाही? सुरुवातीला नाइलाजच होता. पंचवीस वर्षांपूर्वी एका फाँटात लिहिलेलं मराठी दुसऱ्या यंत्रावर उघडलं की नुसते चौकोन आणि चांदण्या दिसायच्या. युनिकोडनं प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक दिला आणि ते संपलं. तरी ऱ्या बरीच वर्षं रुसलेला होता. ‘दऱ्या’ टंकायला जावं तर ‘दर्या’ उमटायचा. सह्याद्रीच्या दऱ्यांत मी कितीदा समुद्र भरला असेल! ते आता सुटलंय. सवय मात्र वहीचीच राहिली.

वहीतली पहिली नोंद १ जानेवारी २००० ची आहे. मी १९९९ साली नोकरीला लागले ते वायटूकेच्या कामावर. जुन्या प्रोग्राममध्ये वर्षाचे शेवटचे दोनच आकडे ठेवलेले असायचे, कारण एके काळी यंत्रातली जागा फार महाग होती. १९९९ चे ९९. मग २००० चे शून्य शून्य झाले की यंत्राला ते १९०० वाटणार, व्याज उणे येणार, माणसाचं वय उणे येणार. शिवाय १९०० हे लीप वर्ष नव्हतं आणि २००० होतं, ही आणखी एक मेख. आम्ही महिनोन् महिने कोबॉल या जुन्या संगणकभाषेतल्या ओळी चाळत होतो, गव्हातले खडे निवडावेत तशा. ३१ डिसेंबरच्या रात्री सगळे ऑफिसात. ग्लुकोज बिस्किटं, थर्मासमधला चहा, भिंतीवर घड्याळ. बारा वाजले. बारा वाजून एक मिनिट झालं. दिवे चालू होते.

सकाळी घरी आले. बाबांनी पेपरातून डोकं वर केलं, ‘काय झालं?’

‘काही नाही झालं.’

‘मग एवढं केलंत कशाला?’

मला उत्तर देता आलं नाही. झोपायच्या आधी नव्या वहीत एवढंच लिहिलं, ‘काही झालं नाही.’

बाबा आता नाहीत. पण अशी आणखी एक तारीख येऊ घातली आहे. अनेक यंत्रं १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजून वेळ सांगतात. त्यातल्या जुन्या यंत्रांकडे मोजायला २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७ इतकीच जागा आहे. ती आपल्या घड्याळानुसार १९ जानेवारी २०३८ ला, मंगळवारी, सकाळी आठ वाजून चव्वेचाळीस मिनिटं सात सेकंदांनी भरेल. पुढच्या सेकंदाला मीटर उलटा फिरून डिसेंबर १९०१ दाखवेल. नव्या यंत्रांना मोठी जागा दिलेली आहे. जुनी मात्र कुठल्या कुठल्या भिंतींआड, कारखान्यांत अजून गुपचूप मोजतायत, आणि तुमच्यापैकी कुणाची तरी नात ती शोधत हिंडणार आहे.

मी तेव्हा एकसष्ट वर्षांची असेन. साडेआठला चहा घेऊन खिडकीत बसणार आहे. पावणेनऊ वाजून गेल्यावरही पंखा फिरत असला, तर वही उघडून तसं लिहीन.